नमुन्यादाखल लग्न

कोपर, डोंबिवली पश्चिम
सोमवार, १८ नोव्हेंबर २०२४

श्री. गुणाजी तांडेल, बाळकुम, ठाणे यांस,

नमस्कार. क्षेमकुशल शेवटी विचारतो. आधी मुद्दा, म्हणजे तो राहून जात नाही.

विषय: आपले चिरंजीव दर्शन आणि माझी कन्या संचिता यांच्या लग्नाचे विधी.

फोन न करता लिहितो आहे, याचे वाईट वाटून घेऊ नये. ठाण्याच्या कोर्टात चौतीस वर्षे कारकुनी केली. फोनवर बोललेले नंतर दोघांना दोन तऱ्हांनी आठवते, एवढे तिथे शिकलो.

साखरपुडा उत्तम झाला. पण परवा संचिता सहज म्हणाली, "बाबा, त्यांच्याकडे भटजी नसतात. धवलारीण लग्न लावते." ती कोण, असे मी विचारले. "दर्शनच्या बाबांची आत्या. गाणी म्हणते."

गाणी म्हणते! गुणाजीराव, गाणी म्हणून लग्न लागते काय?

आमच्या कोर्टाच्या व्हरांड्यात एक बाई सहा वर्षे येत होती. नवरा म्हणे, हिच्याशी माझे लग्न झालेलेच नाही. तिच्याकडे पंगतीचे फोटो होते, हारांचे होते, सप्तपदीचा एकही नव्हता. समोरचा वकील विचारी, पावले किती टाकलीत? ती बिचारी बोटांवर मोजायची आणि दर तारखेला आकडा बदलायचा. माझ्या मुलीवर कधी कोणी असे मोजायची वेळ आणू नये, एवढीच माझी इच्छा आहे. संचिताची आई नऊ वर्षांपूर्वी गेली. ती असती तर हे पत्र तिने दोन ओळींत उरकले असते.

तरी भटजी आणावा. गाणी नंतर हवी तेवढी म्हणावीत.

घरी सर्वांचे कसे काय आहे?

आपला,
साईनाथ कुडतरकर

---

बाळकुम
२४ नोव्हेंबर

व्याहीबुवा,

तुमचं पत्र स्पीड पोस्टानं चौथ्या दिवशी आलं. कोपरहून रिक्षात बसला असतात तर तासाभरात इथं चहा पीत असता. पण तुम्ही लिहिलंय तर मी पण लिहितो. सातवीत शाळा सोडून डोक्यावर चिंबोऱ्यांची पाटी घेतलेली, ठाण्याची एक गल्ली ठेवली नाही. आज चार टेम्पो आणि मंडपाचं सामान आहे, पण व्याह्याला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. चूकभूल पोटात घाला.

आता आत्याचं ऐका. आवडाबाई, वय एक्याऐंशी. माझं लग्न तिनं लावलं, माझ्या बापाचं तिच्या आयनं. आमच्या घरात भटजी फक्त सत्यनारायणाला येतो. म्हणजे तुमच्या हिशोबानं आम्ही दोन पिढ्या बिनलग्नाचे फिरतोय. मी बायकोला हे सांगितलं. ती म्हणाली, "हे आधी कळलं असतं तर बरं झालं असतं."

मंडपवाला म्हणून मी हजारभर लग्नं खांबामागं उभा राहून ऐकलीत. मंत्र म्हणता म्हणता मोबाइलवर पुढच्या हॉलचा पत्ता विचारणारे भटजी ऐकलेत. आत्या एकदा गायला बसली की वीज गेली तरी थांबत नाही. दर्शनच्या लग्नानंतर बंद करणार म्हणते, दम लागतो तिला. आपल्याच घरातलं शेवटचं लग्न तिच्याकडून काढून घ्यायला माझी जीभ रेटत नाही.

आणि कायद्याचं म्हणाल तर तुमच्याच कोर्टाबाहेर टपरीवर तीन वकिलांना गाठलं. दोघांनी फी सांगितली, तिसऱ्यानं कलम सांगितलं. हिंदू विवाह कायदा, कलम सात. दोघांपैकी कुणाच्याही घरच्या रूढीनं लागलेलं लग्न चालतं. सप्तपदी ज्यांच्यात आहे त्यांनाच ती लागते. चौतीस वर्षं तुम्ही त्याच इमारतीत होता ना?

सगळे मजेत. तुम्ही कसे?

गुणाजी

---

कोपर
१ डिसेंबर

गुणाजीराव,

कलम सात मला माहीत आहे. ते आपल्याला माहीत नसावे अशी माझी समजूत होती. ती चुकली, हे लेखी मान्य करतो.

परंतु रूढी आहे असे म्हणून भागत नाही, ती सिद्ध करावी लागते. ती जुनी हवी, अखंड चालत आलेली हवी, निश्चित हवी आणि वावगी नसावी. या चार गोष्टी श्रीमती आवडाबाईंना विचारून कळवाव्यात. त्याहून महत्त्वाचा प्रश्न पाचवा. सप्तपदीत सातवे पाऊल पडले की लग्न पूर्ण झाले, हे कायद्यात स्पष्ट आहे. आपल्या रीतीत लग्न नक्की कोणत्या क्षणी लागते? उद्या कोणी विचारले तर माझ्या मुलीला एका वाक्यात सांगता आले पाहिजे.

मी रविवारी, पंधरा तारखेला प्रत्यक्ष पाहणीस येतो. विधी नमुन्यादाखल करून दाखवावा. समाधान झाले तर भटजीचा आग्रह सोडीन आणि तसे लिहूनही देईन.

साईनाथ कुडतरकर

---

बाळकुम
५ डिसेंबर

व्याहीबुवा,

आत्याची उत्तरं घ्या. जुनी आहे का, तर "माज्या आयनं शिकवलं, तिला तिच्या आयनं. त्याच्या मागचं इचारायचं तर वरती जाऊन इचार म्हणावं." अखंड आहे का, तर करोनात पाच लग्नं मास्क लावून लावली. निश्चित आहे का, तर नवरानवरी ज्याच्यावर उभी राहतात तो तांदळाचा चौक एक रेघ चुकला तरी पुसून पहिल्यापासून भरते. वावगं काय, तर "भटजीचं नवरीला काय कळत नाय, माजं सगलं कळतं. वावगं कोनाचं?"

पाचव्याला म्हणाली, ते सांगायचं नसतं, बघायचं असतं. या.

फक्त एक. बाहुल्यांवर ती गात नाही, आणि दर्शन-संचितावर दोनदा गायची तिची तयारी नाही. तेव्हा चौकावर उभी राहायला दुसरी दोन माणसं लागतील. नवरीच्या जागी माझी धाकटी बहीण शीला राहील. साखरपुड्यात भेटलेली तुम्हाला, टॉवरच्या गेटासमोर पोळीभाजी केंद्र चालवते ती. नवऱ्याच्या जागी शेजारचा भिवा.

जेवायलाच या. आत्या म्हणते, परीक्षा उपाशीपोटी घेऊ नये.

गुणाजी

---

कोपर
१७ डिसेंबर

गुणाजीराव,

पाहणी टिपणाची प्रत सोबत जोडली आहे. सारांश असा:

श्री. भिवा यांना ऐनवेळी वसईस जावे लागल्याने, कामकाज अडू नये एवढ्यासाठी, वराच्या जागी मी स्वतः उभा राहिलो. वधूच्या जागी श्रीमती शीलाताई. चौक माझ्यासमक्ष भरला गेला. धवले (लग्नाची गाणी) एक तास दहा मिनिटे चालले, एकही ओळ गाळली नाही. हार घातले. मंगळसूत्र फक्त हवेत धरले. शेवटी धवलारणीने वधूला तीन वेळा "मन हाय का?" असे विचारले. आवडाबाईंचे म्हणणे की बाकी सारे सजावट, वधूच्या उत्तरावर लग्न लागते. मी तशी नोंद केली: "वधूस तीन वेळा विचारणा झाली. वधूने उत्तर दिले. विधी संपूर्ण." खाली माझी सही, साक्षीदार म्हणून आपली.

खरे सांगतो, चौतीस वर्षांत इतका नेमका क्षण मी कुठल्या कागदात वाचला नव्हता. पावले मोजण्यापेक्षा हे बरे. माझे समाधान झाले आहे. ९ फेब्रुवारीस विवाह आवडाबाईंनीच लावावा. भटजीचा आग्रह सोडला.

कोलंबीचे कालवण उत्तम होते. त्यात कोकम हवे होते असे मी म्हणालो, त्यावर शीलाताईंनी जो कटाक्ष टाकला तो टिपणात घेतलेला नाही.

आपला,
साईनाथ कुडतरकर

---

बाळकुम
२२ डिसेंबर

व्याहीबुवा,

का मेव्हणे म्हणू?

हसू नका. घोळ झालाय. आत्या काल बोलली. म्हणते, "मी आयुष्यात नाटकाचं गायले नाय. माज्या चौकावर उभं केलं त्यांचं लग्न लावायलाच गायले." मी म्हटलं, आत्या, ते नमुन्यादाखल होतं. ती म्हणाली, "देव बोलावले ते काय नमुन्याचे व्हते?"

यावर बोला तुम्ही.

इतकंच असतं तर मी निभावून नेलं असतं. पण तिचं पुढं असं की ते एक काम लोंबकळत ठेवून ती दुसऱ्या चौकाला हात लावणार नाही. त्याचा निकाल लावा, मग दर्शनचं. हॉल ठरलाय, पत्रिका छापायला गेल्यात. दर्शनचं तोंड एवढंसं झालंय. आणि दुसरी धवलारीण आणा म्हटलं तर आत्या जेवायची नाही.

गावात कळलंय. काल मासळीबाजारात एक म्हातारी शीलाला म्हणाली, "कोपरवाल्यांना बांगडा दे गो मोठा." शीलानं खरंच मोठा बांगडा निवडून घेतला. माझी बहीण असं करते तेव्हा मला धडकी भरते.

तुमचं टिपण मी कपाटात ठेवलंय. सही फार सुरेख आलीये तुमची.

गुणाजी

---

कोपर
२५ डिसेंबर

गुणाजीराव,

पत्र तीनदा वाचले.

कायद्याने हे लग्न नाही. माझा हेतू लग्नाचा नव्हता. मी पाहणीस आलो होतो. परंतु हे लिहिता लिहिता माझ्या लक्षात आले की उद्या एखाद्या दुष्ट वकिलाने माझे टिपण पुढे केले तर मी काय सांगणार? हा विधी बंधनकारक नाही असे म्हणावे, तर संचिताच्या लग्नाला मीच सुरुंग लावला. बंधनकारक आहे म्हणावे, तर मी... ते पुढचे आपण समजून घ्यावे.

संचिताला सांगावे लागले. ती पोट धरून हसली. मग म्हणाली, "बाबा, म्हणजे दर्शन माझा मामेभाऊ झाला!" मी काल रात्रभर पुस्तके चाळली. असल्या सावत्र नात्याची आडकाठी नाही असे दिसते. मी हे का पाहत बसलो, हा प्रश्नही तिनेच विचारला. 

एक मार्ग आहे. कलम एकोणतीसप्रमाणे रूढीने होणारी फारकतही कायद्याने राखलेली आहे. आपल्यात पूर्वी पंचांसमोर काडीमोड होत असे, असे ऐकले आहे. ती रीत अजून चालू असल्यास कृपया तपशील कळवावा. दोघांनी एक काडी मोडली की आवडाबाईंचे समाधान होईल आणि मुलांचे अडणार नाही.

शीलाताईंना माझ्यामुळे बाजारात ऐकून घ्यावे लागले, याचे मला फार वाईट वाटते. त्यांना कळवावे.

साईनाथ

---

बाळकुम
२९ डिसेंबर

साईनाथराव,

काडीमोडचं आत्यासमोर वाचलं. ती इतकी हसली की पाणी द्यावं लागलं. म्हणाली, "काडी मोडायची तर आंदी लग्न कबूल करावं लागंल. त्याला इचार, कबूल हाय का." चौतीस वर्षं कोर्टात काढून तुम्ही एका धवलारणीच्या उलटतपासणीत सापडलात.

आता माझा कबुलीजबाब घ्या. भिवाला वसईला मीच धाडलेला. काम काही नव्हतं. तो तिथं दिवसभर भावाकडं झोपला.

का, तर साखरपुड्याच्या पंगतीत मी तुमच्या मागं उभा होतो. तुम्ही पापलेटाचं डोकं नीट सोडवून खात होता आणि शीला माझ्या बायकोला म्हणाली, "मानूस बेतानं खातो, पण टाकत काय नाय." अकरा वर्षं झाली तिचा नवरा जाऊन. अकरा वर्षांत माझ्या बहिणीनं कुठल्या पुरुषाबद्दल एक बरं वाक्य बोललेलं मी ऐकलं नव्हतं. त्यानंतर दोनदा विचारलं तिनं, कोपरवाले परत कधी येणार म्हणून. मला वाटलं, समोरासमोर उभे तर राहूदेत. आत्या असा पेच टाकील हे माझ्या डोक्यात नव्हतं, शप्पथ.

आणि एक. तुम्ही लिहिलंत, "वधूने उत्तर दिले." काय दिलं? तुम्ही खाली मान घालून वहीत लिहीत होता. गलका होता, बायका हसत होत्या. माझे कान तिखट आहेत, मी ऐकलं. पण ते मी सांगणार नाही. एवढा नेमका क्षण शोधायला तुम्ही बाळकुमला आलात आणि त्याच क्षणाला वहीत बघत बसलात.

तुम्ही मला पत्रं लिहिताय, मी तुम्हाला लिहितोय. जिचं उत्तर आहे तिला कुणी विचारलेलंच नाही. माझी पण चूक आहे. पत्ता हाच, फक्त वर नाव तिचं घाला. मी फोडणार नाही.

गुणाजी

---

कोपर
२ जानेवारी २०२५

श्रीमती शीला यांस,

या पत्राचे चार मसुदे झाले. पहिल्या तिन्हींत नावापुढे "ताई" होते.

त्या दिवशी आपण काय उत्तर दिलेत, ते मी ऐकले नाही. न ऐकता "उत्तर दिले" अशी नोंद केली. नोकरीत असताना हाताखालच्या कोणी असे केले असते तर मी त्याला मेमो दिला असता.

आपण "नाही" म्हणाला असाल तर सगळा प्रश्नच मिटतो. मी तसे आवडाबाईंना सांगेन, मुलांचे लग्न लागेल, आणि आपल्याला पुन्हा त्रास देणार नाही. "हो" म्हणाला असाल, तरी ते एका नमुन्याच्या माणसाला म्हणालात, त्याचा फायदा मी घेणार नाही.

परंतु मला जाणून घ्यायचे आहे. संचिताच्या लग्नासाठी आहेच. तेवढ्यासाठीच नाही.

ती गेल्यावर घर अगदी मोकळे होणार आहे, हे कारण म्हणून लिहीत नाही. कालवणात कोकम नकोच होते. घरी दोनदा करून पाहिले.

साईनाथ

---

बाळकुम
८ जानेवारी

अहो साईनाथराव,

दादाने पाकीट फोडलं नाही, पण उजेडाला धरून बघितलं. मी बघितलं त्याला बघताना.

दोन महिने दोघे बाप्ये पत्रापत्री खेळताय. कलम काय, टिपण काय. आणि माझं उत्तर काय ते त्यात कुठंच नाही. आता लिहून घ्या.

आत्याने पहिल्यांदा विचारलं, मी हसले. दुसऱ्यांदा विचारलं, मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही लिहीत होता. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी म्हटलं, "हा मानूस वर बघंल तवा सांगीन." एवढंच. "हो" नाही, "नाही" पण नाही. म्हणून आत्या "लोंबकळतंय" म्हणते, "लागलं" म्हणत नाही. म्हातारी एक शब्द खोटा बोललेली नाही. तुम्ही दोघांनी घाबरून पुढचं धरलं. दादाने तर ऐकूनसुद्धा मजा बघितली.

तेव्हा तुम्ही मोकळे आहात. काडीबिडी काही मोडायची नाही. आत्याला मी काल सांगितलं, माझं उत्तर माझ्याकडे राहू दे, तू पोरांचा चौक भर. ती म्हणाली, "तू सांगतेस तर भरते. ते दोगं सांगत व्हते म्हणून अडले."

आता दुसरं, जे दादाला आवडणार नाही. तो कलम सात घेऊन नाचतोय. माझं लग्न पण आत्यानेच लावलेलं, अख्खं गाव जेवलेलं. पण नोंद केली नव्हती. नवरा गेल्यावर त्याचे पैसे मागायला कंपनीत गेले तर साहेब म्हणाला, बाई, तुम्ही त्याची बायको कशावरून? दोन वर्षं मी फेऱ्या मारल्या. शेवटी आत्या माझ्यासोबत आली. साहेबाने विचारलं, लग्न लावलंत म्हणता, पुरावा काय? आत्याने पदर खोचला आणि त्याच्या टेबलासमोर उभी राहून माझ्याच लग्नाचा धवला गायली. माझं नाव, त्याचं नाव, दोघांच्या आईबापांची नावं, सगळी. अख्खं ऑफिस उठून उभं राहिलं. साहेबाने डोळे पुसले. सही नाही केली.

त्या व्हरांड्यातल्या बाईचं तुम्ही लिहिलेलं ना, ते दादाने सगळ्यांना हसत हसत वाचून दाखवलं. मी हसले नाही. तुमच्याबद्दल माझं मत त्या दिवशी झालं, पापलेटाच्या दिवशी नाही.

म्हणून संचिताचं लग्न आत्या लावील आणि दुसऱ्या दिवशी नोंदणी होईल. दोन्ही. मी नोंदणी ऑफिसात चौकशी करून आले. फॉर्मात लग्न लावणाऱ्याचं नाव आणि सही लागते. तिथला माणूस म्हणाला, भटजीचं नाव सांगा. मी म्हटलं, आवडाबाई. तो म्हणाला, बाई कशी चालेल? मी म्हटलं, कुठं लिहिलंय नाही चालत? त्याने फॉर्म उलटासुलटा करून बघितला. कुठे लिहिलेलं नव्हतं.

अंगठा चालतो म्हणाला. पण आत्या म्हणते अंगठा नको. रोज दुपारी केंद्रात पोळ्या संपल्या की परातीतल्या पिठात मी तिला सही गिरवायला देते. "आ" जमला. "व" उलटा येतो. फेब्रुवारीपर्यंत येईल.

रविवारी या. जेवणाच्या आधी या, मला बोलायचं आहे, आणि ते घरात नाही, खाडीच्या बाजूला. तिथे दादाचे कान पोचत नाहीत. एकटे या आणि मोकळ्या हाताने या, लिहायचं काही आणू नका.

नाही म्हणजे, फॉर्म तेवढे आणा. मी घाईत घ्यायचे विसरले. दोन आणा. दादाने विचारलंच तर सांगा, एखादा खराब होतो.

शीला